चार तास अलीकडे, सोळा तास पलीकडे

माझी विहीण मला बघून खुर्चीतनं उठली नाही.

बाकी काहीही मी पोटात घातलं असतं. लग्नात तिच्या भावानं मानपानावरनं तोंड वाकडं केलं होतं, ते घातलं. पण वरमाय समोर उभी आहे आणि मुलीची आई बसल्या जागेवरनं हात जोडते, हे आमच्या जयसिंगपुरात कुणी बघितलं असतं तर महिनाभर तेच बोलणं चाललं असतं. जयसिंगपूर मात्र लांब राहिलं होतं. हे दोह्याचं विमानतळ होतं, आणि तिथं बघायला आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. तिनं तेवढ्यावरच धीर केला असणार, असं मला वाटलं.

“जय जिनेंद्र, विहीणबाई,” सुमतीबाई म्हणाल्या. “बसा.”

“मला बसायला खुर्ची आहेच,” मी म्हटलं. “पण माझे पाय धड आहेत. मी उभी राहू शकते.”

त्या नुसत्या हसल्या. तेही ओठांपुरतं.

खुर्ची म्हणजे चाकाची खुर्ची. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना पोरं परदेशी बोलावतात आणि तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची सांगून ठेवतात. इंग्रजी येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. खुर्ची असली की माणूस येतो, ढकलत नेतो, रांग लागत नाही. त्या हॉलमध्ये अशा खुर्च्यांची ओळच्या ओळ लावलेली होती. गुजराती, तेलुगू, पंजाबी, सगळ्या कुणाच्या तरी आया. माझ्या शेजारची गुजराती बाई तर मघाशी उठून सगळी दुकानं पालथी घालून आली आणि परत खुर्चीत बसून गुडघा चोळायला लागली. मी विद्याधरला फोनवर सांगितलं होतं, “मला नको ते सोंग. मी अजून दोन घागरी घेऊन जिना चढते.” तर म्हणाला, “आई, सगळेच बसतात. तू एकटी चालत निघालीस तर हरवशील.”

विद्याधर माझा थोरला. ह्यूस्टनला असतो. त्याची बायको स्वरूपा, म्हणजे या सुमतीबाईंची मुलगी. त्यांना मुलगी झाली, अन्वी. बाळंतपणापासनं सहा महिने सुमतीबाई तिथं राहिल्या, आता त्या परत निघाल्या होत्या आणि पुढचे सहा महिने माझी पाळी होती. दोघींची दोह्यात दोन-तीन तास गाठ पडेल अशी तिकिटं मुलानं काढली होती. “दोघी बसून बोला,” म्हणाला. “ती कशानं झोपते, काय खाते, सगळं आई तुला सांगतील.” त्यांना तो आई म्हणतो, आणि मलाही आईच म्हणतो.

नातीला मी अजून हातात घेतलं नव्हतं. फोनच्या काचेवर बघितलेली. काचेवरनं पोर हसलं तरी तिच्या टाळूचा वास येत नाही.

निघताना मी विद्याधरला विचारलं होतं, किती लांब आहे रे? तर तो तास सांगायला लागला. मुंबईहून दोहा चार तास, दोह्याहून ह्यूस्टन सोळा. म्हटलं, तास नको सांगू, लांब किती ते सांग. म्हणाला, दोह्याच्या पुढं तेरा हजार किलोमीटर. आमचं कोल्हापूर चाळीसावर. तेरा हजारात चाळीस किती वेळा बसतात हे काढायचा नाद मी सोडला, माझी शाळा चौथीत सुटली आहे. वर त्यानं सांगितलं की येताना मात्र दीड-दोन तास कमी लागतात, वारा पाठीवर असतो.

“म्हणजे जाताना वाऱ्याशी भांडत जायचं?”

“तुला काय अवघड आहे,” म्हणाला.

तर अशी मी भांडत निघालेली, आणि विहीण समोर महाराणीसारखी बसलेली.

माझी खुर्ची ढकलणारी सरिता नावाची नेपाळी पोरगी होती. तिनं मला सुमतीबाईंच्या बाजूला आणून लावलं. मी बसले. जास्त वेळ उभं राहून माझाच अपमान व्हायला लागला होता.

“बोला,” मी म्हटलं. “अन्वी रात्री उठते का?”

“एकदा उठते.”

“मग?”

“थोपटलं की झोपते.”

“पोटावर की पाठीवर?”

“पाठीवर.”

पुढं काही नाही. सहा महिने माझ्या नातीला मांडीवर खेळवलेली बाई, आणि एक-एक शब्द असा मोजून टाकत होती, जणू माझ्याच घरातलं मला उधार देत होती. चेहरा पिवळट पडलेला. ओठावर घामाचे थेंब, आणि हॉलमध्ये तर इतकं गार की मी शाल काढून घेतली होती.

मी पिशवीतनं डबा काढला. मुगाचे लाडू होते, दशम्या होत्या. “घ्या. आल्यापासनं काही खाल्लेलं दिसत नाही.”

“उपवास आहे.”

“आज? कसला?”

“असाच. निर्जळी.”

“विमानात पण पाणी घेतलं नाही?”

“नाही.”

आमच्या जैनांत निर्जळी उपवासाला कुणी का म्हणून विचारत नाही. उलट हात जोडतात. पण मी सुमतीबाईंना ओळखून होते. पर्युषणात त्यांनी उपवास केले की त्यांच्या गल्लीत आधी बातमी जायची. मी म्हटलं, “बरं केलंत. ढगांच्या वर केलेला उपवास लवकर पोचत असेल.”

एरवी त्यांनी उत्तर दिलं असतं. मला उत्तर देणारी माझ्या नात्यात ती एकच बाई. पण त्या गप्प बसल्या, आणि मला ते जास्त झोंबलं.

“अन्वीचं झबलं आणलंय म्हणाली होती स्वरूपा,” मी म्हटलं. “मला दाखवायला. वास तरी घेते.”

“खाली आहे पिशवी. खुर्चीच्या खाली.”

“मग द्या की.”

“तुम्हीच घ्या ना.”

आता मात्र हद्द झाली. उठायचं नाही, वाकायचं नाही, वरमायनं खाली वाकून पिशवी ओढायची. मी उठले. रागाच्या भरात त्या खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीला हात घातला आणि ती बाजूला ढकलली.

सुमतीबाईंच्या तोंडातनं एक आवाज आला. मोठा नव्हता. दाताखाली दाबलेला. तसला आवाज मी अडलेल्या गाईचा ऐकलाय.

मी तशीच खाली बसले आणि त्यांच्या लुगड्याचा काठ वर केला. उजवं पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं होतं. माझी सासू न्हाणीत पडली तेव्हा तिचं पाऊल असंच पडलं होतं. नंतर ती चार महिने अंथरुणावर होती.

“कधी पडलात?”

“हळू बोला.”

“सुमतीबाई, कधी पडलात?”

“निघायच्या दिवशी सकाळी. न्हाणीत. ती दोघं बाहेर गेली होती. अन्वी झोपली होती.” त्यांनी इकडंतिकडं बघितलं. “सरपटत बाहेर आले. सोफ्यावर बसून राहिले. दुपारी ती आल्यावर सांगितलं, गुडघे धरलेत. जावईबापूंनी हाताला धरून गाडीत बसवलं. पुढं खुर्ची होतीच.”

“आणि कुणाला कळलं नाही?”

“कसं कळणार? सगळेच बसतात की.”

मी त्या ओळीकडं बघितलं. धडधाकट पायाच्या पंधरा-वीस बायका खुर्च्यांत बसल्या होत्या, आणि त्यांच्यात एक खरी मोडलेली. कुणाला वेगळी दिसणार होती ती?

“आणि पाणी?”

त्यांनी मान खाली घातली. “पाणी घेतलं की उठायला लागतं.”

म्हणजे सव्वा दिवस. चौदा-पंधरा तासांचं विमान, त्याच्या आधीचं बसणं, आणि आता हे. मी बाटली उघडली आणि त्यांच्या तोंडाजवळ धरली.

“नको. सूर्य मावळला. आता पाणी चालत नाही.”

“कुठला मावळला? तो बघा काचेतनं.” बाहेर विमानांच्या शेपट्यांच्या मागं तांबडा गोळा अजून हातभर वर होता.

“हा इथला. आपल्याकडं मावळला असेल.”

“आपल्याकडचा वेगळा आहे का? जो दिसतोय तो धरायचा. प्या.”

“विहीणबाई, उठायला लागेल हो.”

“लागेल तर लागेल. मी कशाला आहे?”

त्या प्यायल्या. आधी घोटभर, मग सगळी बाटली, गळ्यावरनं पाणी ओघळेपर्यंत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि मी बाटली धरून उभी होते. मला आठवतं, मला तेव्हा फार दमल्यासारखं झालं. जयसिंगपूरहून मुंबईपर्यंत रात्रभर गाडीत बसले, मग विमान, त्यात काही वाटलं नव्हतं. त्या एका बाटलीनं मला दमवलं.

“मुंबईला मुलगा गाडी घेऊन येणार आहे,” त्या म्हणाल्या. “चार तासांचा प्रश्न आहे. तेवढं झालं की मी माझ्या घरी. तुम्ही फक्त स्वरूपाला कळवू नका. सोमवारपासनं तिचं काम सुरू होतंय. कळलं तर ती सगळं टाकून येईल. तुम्ही पुढं जा. अन्वीला बघा. तिथं कुणीतरी पाहिजे.”

“बघू,” मी म्हटलं. शब्द दिला नाही. मी शब्द उगाच देत नाही.

मी सरिताला हाक मारली. माझं हिंदी म्हणजे मराठीच, थोडं ओढून बोललेलं. “इसको बाथरूम को लेके जाने का. मैं अंदर आयेगी. तू बाहेर ठहर.” पोरगी शहाणी होती. तिनं पायाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खुर्ची वळवली.

ती अपंगांची मोठी खोली होती, भिंतीला दांड्या लावलेल्या. मी दार लावलं.

“माझ्या गळ्यात हात घाला.”

“तुम्ही?”

“मग काय विद्याधरला बोलावू? घाला हात.”

लग्नात विहिणींची गळाभेट असते. आम्ही ती फोटोवाल्यापुरती घेतली होती, खांद्याला खांदा न लागता. आता त्यांचं सगळं वजन माझ्या मानेवर आलं. हाडं नुसती. त्या थरथरत होत्या आणि माझ्या कानाशी णमोकार मंत्र म्हणत होत्या, मध्येच तुटायचा, परत पहिल्यापासनं धरायच्या. मी त्यांचं लुगडं सावरलं, बसवलं, धुतलं, परत उचललं. सासूचं केलं होतं तसंच. फरक एवढाच की सासू मला शिव्या देत होती आणि ही बाई रडत होती.

“झालं,” मी म्हटलं. “यात रडण्यासारखं काय आहे? सगळ्यांना होतं.”

“तुम्ही माझं करताय.”

“इथं दुसरं कोण आहे करायला?”

बाहेर आले आणि सरिताला म्हटलं, “डॉक्टर बुलाव.”

सुमतीबाईंनी माझा पदर धरला. “विहीणबाई, नको. ते मला विमानात बसू देणार नाहीत. इथंच टाकतील दवाखान्यात. परक्या मुलखात. नको हो.”

“पदर सोडा. फाटेल.”

डॉक्टर आला. तरुण पोरगा, मल्याळी असावा, हिंदी बरं बोलत होता. त्यानं पाय बघितला, खुब्यावर हात ठेवला, सुमतीबाई ओरडल्या. त्यानं पाय पट्ट्यांनी बांधला, दुखायचं इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेतलं. हाड मोडलेलं दिसतंय म्हणाला. एकटीला जाऊ देता येणार नाही. इथं दवाखान्यात ठेवायचं, नाहीतर कुणीतरी शेजारी बसून मुंबईपर्यंत न्यायचं, आणि तिथनं थेट दवाखाना. सोबत असेल तर तो विमानवाल्यांशी बोलेल.

“साथ में कौन है?” त्यानं विचारलं.

काचेवरच्या पाटीवर आकडे पळत होते. मला आकडे वाचता येतात. माझं विमान कोणत्या दारावर, ते सरितानं दाखवून ठेवलं होतं. अलीकडे चार तास, पलीकडे सोळा. पलीकडच्या टोकाला सहा महिन्यांची एक पोर पाठीवर झोपते आणि रात्री एकदा उठते. एवढंच मला तिच्याबद्दल कळलं होतं.

मी सरिताला फोन लावून द्यायला सांगितलं. विद्याधरनं उचलला.

“आई, पोचलीस दोह्याला? भेटल्या का आई?”

“स्वरूपाला दे.”

“काय झालं?”

“तुला नाही सांगत. तिची आई आहे. तिला दे.”

स्वरूपा आली. मी सांगितलं, आहे तसं. न्हाणीत पडल्या, हाड मोडलंय, तुला सांगितलं नाही, पाण्याविना आल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आत्याबाई, तिला द्या.”

मी फोन सुमतीबाईंच्या कानाला लावला. “काही नाही गं,” त्या म्हणाल्या, “थोडं लचकलंय.” आणि मग मला दोन हातांवरनं ऐकू आलं, माझी सून, जी माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही, ती आईवर ओरडत होती. “खोटं बोलू नकोस! मी तुला कोण आहे? सांग ना, कोण आहे मी तुला?” सुमतीबाई नुसत्या “अगं, अगं” करत राहिल्या.

मी फोन घेतला. “रडू नको. मी त्यांच्याबरोबर जाते परत.”

“आत्याबाई, पण तुम्ही अन्वीला...”

“अन्वी कुठं पळून जात नाही. तू तिला घेऊन ये मागनं, जमेल तेव्हा.”

विद्याधरनं फोन ओढला असावा. “आई, अगं तू निम्म्या वाटेपर्यंत आलीस! व्हिसासाठी किती हेलपाटे घातले आपण.”

“निम्म्या नाही. चार तास आले, सोळा राहिलेत. हिशोब मला शिकवू नको. माझं तिकीट फिरव.”

“इतक्या लवकर कसं...”

“विमानं उडवता तुम्ही, एक तिकीट फिरवता येत नाही? फिरव.”

त्यानं फिरवलं. कसं ते मला माहीत नाही, डॉक्टरनंही फोन केले, एक बाई येऊन माझा पासपोर्ट घेऊन गेली आणि नवा कागद घेऊन आली. माझ्या बॅगा विमानातनं काढायला लागल्या. त्यात अन्वीसाठी शिवलेली दुपटी होती. सरितानं आम्हा दोघींना एका मागोमाग एक दारापर्यंत नेलं. तिच्या हातात मी लाडवांचा डबा दिला. ती नको म्हणत होती, मी म्हटलं, “ले. मेरे को अब किसको देने का है?”

विमानात आम्हाला पुढची ओळ दिली, सुमतीबाईंना पाय लांब करायला. मी कडेला बसले. इंजेक्शनानं त्यांचं दुखणं उतरलं होतं आणि राग चढला होता. दार लागलं, विमान हललं, तरी त्या खिडकीकडंच तोंड करून होत्या. बाहेर आता खरंच अंधार पडला होता.

“सांगू नका म्हटलं होतं मी,” त्या काचेला म्हणाल्या.

“म्हटलं होतं.”

“तिचं काम गेलं म्हणजे?”

“दुसरं मिळेल. शिकलेली आहे.”

“तुमचं काय जातंय बोलायला? मुलाची आई तुम्ही.” त्या वळल्या. डोळे लाल झालेले. “कामासाठी नव्हतं लपवलं मी. ऐकायचंय तुम्हाला? मी इकडनं निघाले तेव्हा तुम्ही फोन केला होता. म्हणालात, जावयाच्या घरी चाललाय, पाहुण्यासारखं राहा, माझ्या पोराला ओझं होऊ नका. सहा महिने मी ते रोज आठवून राहिले. आणि शेवटच्या दिवशी पडले. न्हाणीत पडल्या पडल्या पहिलं काय मनात आलं, माहितीये? पाय नव्हे. आता राजमतीबाई काय म्हणतील, हे आलं. जावयाच्या घरात अंथरूण धरलं, हगणं-मुतणं त्याच्या अंगावर टाकलं. जन्मभर ऐकवलं असतं तुम्ही मला. सांगा, ऐकवलं नसतं?”

ऐकवलं असतं. मी खोटं कशाला बोलू? बारशाला, मुंजी-लग्नाला, दहा जणींच्या समोर ऐकवलं असतं, आणि मला ते पुरून उरलं असतं. आणि तो फोनही केला होता. मी सगळ्यांनाच तसं सांगते. बाकीच्या ऐकून सोडून देतात.

विमान वर उचललं. माझ्या कानात दडे बसले. सुमतीबाईंनी दुखऱ्या बाजूला हात दाबून धरला, मी त्यांची उशी पायाखाली सरकवली आणि पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही. उत्तराची वाट बघत राहिल्या.

“चुकलं तुमचं, सुमतीबाई,” मी म्हटलं. “माझ्या तोंडाला भिऊन मोडक्या हाडानं तेरा हजार किलोमीटर आलात. लेकीला खोटं सांगितलंत, देवाच्या नावावर उपाशी बसलात. माझं तोंड वाईट आहे, ते सगळं गाव जाणतं. पण बाई, तोंडाला तोंड देता येतं. तुम्हाला तर छान येतं. तेवढं सोडून बाकी सगळं केलंत.”